चुना हाय तो

आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न घातलेल्या माझ्या पर्समधून खर्र्याची पुडी पडली, ती दाताच्या दवाखान्यात. आणि तीही नेमकी "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मी "छे! कधीच नाही!" असं ठासून सांगितल्यावर. तोंड पुसायला रुमाल काढत होते, तर रुमालाबरोबर पुडी आली आणि डॉक्टरीणबाईंच्या पायाशी जाऊन पडली. त्यांनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सोबत आलेल्या आमच्या ह्यांनीही पुडीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून पानठेलेवाला तो तळहाताने घोटत बसतो. मग त्याची पुडी बांधून देतो. त्यातली चिमूट गालात धरायची, की दोन तास माणसाला जगाची पर्वा राहत नाही. आमच्या नागपुरात माणसं एकमेकांना चहा विचारतात तसा खर्रा विचारतात आणि समोरचा नको म्हणाला तर त्याची तब्येत विचारतात.

मी कळमेश्वरच्या एका शाळेत मराठी शिकवते. शाळा तंबाखूमुक्त ठेवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलंय, कारण माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो. त्या दिवशी सकाळी आमच्या शिपाईदादांच्या खिशातून मी एक पुडी जप्त केली होती. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी तरी द्या." मी पुडी पर्समध्ये टाकली आणि दिवसभरात साफ विसरले.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. शिपाई, जप्ती, मुद्देमाल, सगळं. त्या मान हलवत होत्या, पण खोटं बोलणाऱ्या मुलापुढे मी वर्गात जशी मान हलवते तशी. तेवढ्यात हे म्हणाले, "जाऊ दे ना वं. आता पकडल्याच गेली तं कबूल करून टाक."

माझं प्रमाण मराठी राग येईपर्यंतच टिकतं. "तुमी गप राहा बरं! उलशीक लाज नाई वाटत काय?" असं मी भर दवाखान्यात ओरडले. डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "बरं बरं, आधी तोंड तर पाहू."

तोंडाचं झालं होतं असं. दीडेक महिन्यापासून मला तिखट सोसेनासं झालं होतं. आता नागपुरात राहून तिखट सोसत नाही म्हणजे पाण्यात राहून पोहता येत नाही म्हणण्यासारखं. रविवारी सकाळी आम्ही तर्री-पोहे खायला जातो, तिथे पहिल्याच घासाला दोन्ही गालांची आतून आग झाली. तर्री बाजूला ठेवून मी कोरडे पोहे खाल्ले, तेव्हा ठेलेवाल्यानेही विचारलं, "काय मॅडम, उपास हाय काय?" घरी येऊन मी आरशासमोर तोंड वासलं. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या बारीक रेघांची जाळी होती. कुणी तरी बारीक सुईने विणकाम करून ठेवावं तशी.

मी ह्यांना बोलावलं. त्यांनी मोबाईलचा टॉर्च मारला, आत डोकावले आणि अगदी जाणकारासारखे म्हणाले, "चुना हाय तो."

"अहो, मी चुना कुठून आणू?"

"पानातला असन."

"मी शेवटचं पान आपल्या लग्नात खाल्लं होतं!"

"मंग तवाचाच असन. निघून जाईन."

ह्यांच्या दृष्टीने तोंडातलं पांढरं म्हणजे चुना. दुसरं काही असूच शकत नाही. स्वतः पंचवीस वर्षं खर्रा खाल्लेला माणूस, दुसरा विचार करणार तरी कसा? हे कळमना मार्केटला एका अडतीच्या दुकानात संत्र्याची बोली पुकारतात. नरखेडकडून गाड्या भरून संत्री येतात, त्यांचे ढीग लागतात आणि हे एकेका ढिगासमोर उभे राहून भाव पुकारत जातात. गर्दीच्या वर जाणारा आवाज आहे त्यांचा. त्यांच्या मते तो आवाज खर्र्यामुळे टिकून होता. माझ्या मते तो जन्मापासूनच तसा आहे, सासूबाई असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तर डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड पाहिलं. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, पण हात असा हलका की कळायचं नाही. तिने बोटाला गॉजचा तुकडा गुंडाळला आणि ती जाळी पुसून पाहिली. दोन्ही गाल, मग जीभ, जिभेखाली, हिरड्या, टाळू. मग म्हणाली, "मॅडम, हे तंबाखूनं होत नाही."

मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खुर्चीतून उठून गेला असता.

तिने नाव सांगितलं, लायकेन प्लॅनस. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. कशाने होतं हे पक्कं सांगता येत नाही. कॅन्सर नाही, पण नजर ठेवायची, दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि रेघांच्या जागी कधी लाल जखम किंवा गाठ झाली तर लगेच यायचं. तेव्हा तुकडा काढून तपासावा लागेल. आग होते तोवर मलम लावायचं, तिखट कमी करायचं. शेवटी तिने विचारलं, "टेन्शन फार घेता का? राग वगैरे येतो?"

"रोज येते," हे म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी दोनदा."

तिला हसू आवरेना. मग ती मला समजावून सांगू लागली आणि ते मात्र मी शाळेत मुलांना पाठ करायला सांगते तसं पाठ केलं. तोंडात पांढरं दिसलं की आधी पुसून पाहायचं. पुसून निघालं तर बहुतेक खाल्लेलं काही चिकटलेलं असतं, नाहीतर बुरशी असते. बुरशीला औषध आहे. नाही निघालं आणि दोन आठवड्यांतही गेलं नाही, तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून बसून राहायचं नाही, कारण जे खरं वाईट असतं ते आधी दुखतच नाही.

हे ऐकून मी उठले आणि ह्यांचा दंड धरला. "आता ह्यांचं पाहा. तुमचं खरं गिऱ्हाईक हे आहेत."

"मले काय झालं? मले तं कुठं आग नाही, दुखणं नाही."

"बसा म्हणते ना!"

हे हसतच खुर्चीत बसले. पुडीचा आनंद अजून ओसरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आ करायला सांगितलं, तर ह्यांचं तोंड पुरतं उघडेना, तीन बोटं मावायला हवीत तिथे जेमतेम दोन मावली. मग तिने खालचा ओठ डावीकडे ओढला, जिथे हे खर्रा धरतात तिथे, आणि ह्यांनी ओढलेल्या ओठानेच सांगितलं, "तो चुना हाय, मॅडम. निघून जाईन."

तिने गॉजने पुसलं. मग पुन्हा पुसलं, जरा जोर देऊन. मग गॉज उजेडात धरून पाहिला. गॉज कोरा होता.

तिचा हसरा चेहरा एकदम शांत झाला. "किती दिवसांपासून आहे हे?"

"आता चुन्याचं काय सांगू, तो तं रोजच..."

"हा चुना नाही, काका."

हे पुढे काय म्हणाले मला आठवत नाही, कारण मला दुसरंच काही आठवत होतं. ह्यांनी जांभई दिली की, हे मोठ्याने हसले की तो पांढरा ठिपका मला दिसायचा. एक नाही, दोन वर्षं दिसत होता. मीसुद्धा त्याला चुनाच समजत होते. इतकंच नाही, तर "तोंड धूत जा जरा, चुना दिसतो" म्हणून मी त्यांना कडक केसांचा ब्रश आणून दिला होता. हे तो ठिपका रोज सकाळी ब्रशने घासायचे आणि मला वाटायचं, चला, नवरा सुधारला. शाळेच्या भिंतीवर तंबाखूविरोधी घोषवाक्यं रंगवणारी बाई मी, आणि घरातलं मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डॉक्टरीणबाईने घाबरवलं नाही, पण ती गोडही बोलली नाही. खर्रा आजपासून बंद. कमी नाही, बंद. ब्रशने घासणं बंद. तोंड उघडायचे व्यायाम रोज. तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं. डाग गेला तर उत्तम, नाही गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. "तीन आठवड्यांच्या पुढे मी थांबणार नाही," ती म्हणाली.

"सीजन हाय मॅडम," हे म्हणाले. "मृगबहाराचा संत्रा येऊन राहिला. सीजन झाला की येतो ना."

"सीजन दर वर्षी येतो, काका."

घरी जाताना मी गाडीवर ह्यांच्या मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा हे मागे न पाहता म्हणाले, "पुडी कुठं हाय?"

"कोणती?"

"तुह्या शिपायाची."

मी सांगितलं, दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. "गरिबाचं नुकसान केलं," असं ते म्हणाले आणि मला हसू आलं. हसता हसता मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. नंतर शिपाईदादांनी पुडी मागितली तेव्हा मी त्यांना त्याऐवजी त्या डॉक्टरीणबाईचा पत्ता दिला.

पुढचे तीन आठवडे आमच्या घराला सर्कशीची कळा आली होती. मला दिवसातून तीनदा गालाला मलम लावायचं होतं आणि लावल्यावर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, शक्यतो बोलायचंही नाही. त्या अर्ध्या तासात हे घरात राजासारखे हिंडायचे. एकदा तर मी काही बोलायच्या आधीच मलमाची ट्यूब घेऊन समोर आले, "टाइम झाला ना वं?" घड्याळात अजून एक तास बाकी होता.

ह्यांचे हाल मात्र वाईट होते. बडीशेप झाली, लवंग झाली, आवळासुपारी झाली. ती सुपारी नसून निव्वळ आवळा आहे हे कळल्यावर त्यांनी ती शेजारच्यांना दिली. रात्रंदिवस चिडचिड. त्यांनी घरातले सगळे पंखे पुसले, माळा आवरला, आणि मला कधी न सापडलेलं माझं डी.एड.चं प्रमाणपत्र शोधून काढलं. मार्केटला तर परीक्षाच होती, कारण तिथे दर दहा पावलांवर कुणी तरी पुडी पुढे करायचं. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे दोन दिवसांत डागाची बातमी हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत पोचली. तरी पुड्या पुढे येतच होत्या. "घे ना गा, एका चिमटीनं काय होते?" कुणी विचारलं, उपास हाय काय, तर हे सांगायचे, "हो, बायकोचा." शेवटी त्यांनी संत्र्याचा आधार घेतला. ढिगातलं एक सोलायचं, फोडी शर्टाच्या खिशात ठेवायच्या आणि तलफ आली की एक फोड गालात धरायची, खर्रा धरायचे तिथेच. सगळ्या शर्टांचे खिसे पिवळे झाले. मी काही बोलले नाही. ज्यांवर मी बोलले नाही अशा फार थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

नवव्या दिवशी हे घरी आले आणि तोंड मिटून सरळ आत गेले. हा माणूस दारातूनच बोलायला सुरुवात करतो. मी ओळखलं. मागोमाग गेले, तर हे मोरीत चूळ भरत होते. सुपारीचा वास आला.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आवाजच निघाला नाही. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. मला भीती वाटत होती. नऊ दिवस मी ती पंख्यांवर, माळ्यावर, विनोदांवर ढकलत होते, आणि आता ढकलायला काही उरलं नव्हतं. शाळेत मी मुलांना चित्रं दाखवते, तोंडाच्या कॅन्सरची, मुलं डोळे झाकून घेतात. मीही आता ती चित्रं डोळे झाकूनच उलटत होते. हे मी त्यांना सांगितलं, जसं आलं तसं.

हे घाबरले. माझ्या रडण्याला नव्हे. "तू वरडत काहून नाही?" ते म्हणाले. "वरड ना वं. तू वरडली नाही तं मले काईतरी लय वाईट झालं असं वाटून राहिलं."

"माझ्यात ओरडायची ताकद नाही," मी म्हटलं.

त्यांनी ओलं तोंड बाहीला पुसलं. मग खिशात हात घातला आणि उरलेली पुडी माझ्या हातात दिली. "घे. जमा कर तुह्या पर्समंधी." मग म्हणाले, "एकच चिमूट खाल्ली. गोड नाही लागली." ते खरं होतं की नाही हे मला अजून माहीत नाही, पण ती शेवटची चिमूट होती हे आता मी खात्रीने सांगू शकते.

तीन आठवड्यांनी डाग बराच फिका झाला होता, पण गाल आणि हिरडीच्या मधल्या खळगीत नखाएवढा भाग तसाच पांढरा आणि खरखरीत राहिला होता. डॉक्टरीणबाईने पुसून पाहिलं, निघाला नाही. त्याच आठवड्यात तिने तिथला तुकडा काढला. इंजेक्शन, दोन टाके, अर्ध्या तासाचं काम. मी बाहेर बाकावर बसून त्या अर्ध्या तासात नववीच्या वह्यांचा गठ्ठा तपासला. नंतर पाहिलं तर मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन ठेवले होते.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. टाके असल्याने ह्यांना पुकारता येत नव्हतं, तरी हे मार्केटला जायचे. दुसरा एक जण बोली पुकारायचा आणि हे मागे उभे राहून हातांनी त्याला खुणा करायचे, असं नाही, वर चढव, वर. घरी आल्यावर ते मला पाटीवर लिहून दाखवत, 'त्याले जमत नाही.'

त्याच आठवड्यात दहावीला वाक्प्रचारांचा पाठ होता. यादीत 'चुना लावणे' आलं. अर्थ, फसवणे. वाक्यात उपयोग करा. एका मुलीने फळ्यावर लिहिलं, 'दुकानदाराने आम्हाला चुना लावला.' मी बरोबरची खूण केली आणि खडू हातात घेऊन फळ्यासमोर नुसती उभी राहिले. मुलांना वाटलं मॅडम पुढचा वाक्प्रचार विसरल्या. आम्हाला दोघांना चुन्याने दोन वर्षं चुना लावला होता, पण ते वाक्य वर्गात सांगण्यासारखं नव्हतं.

आठव्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईने कागद उलगडला आणि वाचून दाखवायच्या आधीच ती हसून म्हणाली, "बसा, घाबरू नका." मी बसले नाही. ह्यांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

कॅन्सर नव्हता. पण पेशींची चाल थोडी बिघडायला लागली होती, आणि ती पुढे कुठे गेली असती हे सांगता येत नव्हतं. उरलेला डाग पूर्ण काढून टाकायचा, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि खर्रा आयुष्यात नाही. "तुम्ही वेळेवर आलात, काका."

"मी कुठं आलो, मॅडम," हे म्हणाले. टाके निघाले होते, आवाज परत आला होता. "हिनं आणलं मले. आणि हिले आणलं तिच्या गालानं. आणि हसवलं त्या शिपायाच्या पुडीनं. नाई तं मी खुर्चीत बसलोच नसतो."

मी म्हटलं, "मग त्या शिपाईदादांना आता संत्र्याची पेटी पाठवा." आणि त्यांनी खरंच पाठवली. शिपाईदादा मला म्हणाले, "मॅडम, मले काही समजलं नाही, पण संत्रे गोड व्हते."

डाग काढला त्याला आता वर्ष होऊन गेलं. दर रविवारी सकाळी, तर्री-पोह्यांच्या आधी, आम्ही खिडकीजवळ खुर्ची ओढतो. आधी मी बसते, हे टॉर्च धरतात आणि माझ्या गालातली जाळी पाहतात. ती आहे तिथेच आहे, कधी गडद, कधी फिकी. राग आला की गडद होते असं ह्यांचं निरीक्षण आहे आणि त्यावरूनच मला राग येतो. मग हे बसतात आणि मी पाहते. गॉजचे तुकडे एका स्टीलच्या डब्यात ठेवलेले असतात. पूर्वी त्या डब्यात ह्यांच्या सुट्या पुड्या असायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांच्या तोंडात इतक्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. ह्यांची एक दाढ वाकडी आहे हे मला आता कळलं.

मागच्या रविवारी हे खुर्चीत बसले. तोंड आता बरंच उघडतं, अडीच बोटं तरी. मी ओठ डावीकडे ओढला, टॉर्च मारला, आणि त्याच खळगीत पांढरं काही दिसलं.

माझा हात थांबला. ह्यांना माझा चेहरा दिसत होता. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, चुना हाय तो. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्या दुसऱ्या हाताचं मनगट धरलं.

मी डबा उघडला, बोटाला गॉज गुंडाळला. नीट गुंडाळला जाईना. मग त्या खळगीत बोट घातलं आणि पुसलं, जोर न देता. गॉज बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला.

त्यावर एक पांढरा दोरा होता. संत्र्याच्या फोडीवर असतो तो. गॉजला संत्र्याचा वास येत होता. मी पुन्हा टॉर्च मारून पाहिलं. आत गुलाबी गाल होता, जिथे कापलं तिथे एक बारीक रेघ, बाकी काही नाही.

"निघालं," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले. गॉज हातात घेतला, तो दोरा बोटाच्या टोकावर उचलून कितीतरी वेळ पाहिला, ढिगातलं पहिलं संत्रं पाहतात तसा. मग म्हणाले, "चल, तुह्यं राह्यलं. आ कर."

मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडायला गेले, पण मला रडू आलं होतं, तोंड काही उघडेना. ह्यांनी टॉर्च बंद केला आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. त्या दिवशी आम्ही तर्री-पोहे खायला अर्धा तास उशिरा पोचलो.